अनुभव आणि अंदाज : वसईच्या वेढ्यापासून गिरणी संपापर्यंत



कामगार संघटनेच्या कामात एक वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, आणि स्वतःही इतक्यांदा उच्चारले आहे, की आता ते कानावर पडले की मी सावध होतो. "मला तीस वर्षांचा अनुभव आहे." मालक हे म्हणतो, मॅनेजर म्हणतो, आमचे पुढारीही म्हणतात. म्हणणाऱ्याचा भाव असा असतो की आता पुढे बोलू नका. अनुभव म्हणजे जणू पतपेढीतली ठेव. वर्षे जमा होत गेली की शहाणपणाचे व्याज आपोआप चढत जाते. माझे शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. त्यामुळे अनुभवावाचून माझ्याजवळ दुसरे भांडवल नाही, आणि त्यातले खरे नाणे किती व खोटे किती हे तपासून पाहणे मला भाग पडले. त्या तपासणीतला काही भाग आज आपल्यापुढे मांडतो. मी इतिहासाचा पंडित नव्हे. वाचनालयातून पुस्तके आणून रात्री वाचली, आणि दिवसा कारखान्याच्या फाटकावर जे पाहिले त्याच्याशी ती ताडून पाहिली, एवढाच माझा अधिकार.

सुरुवात आपल्या किल्ल्यापासून करू. चिमाजी आप्पांची ती गोष्ट येथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. वेढा लांबला, किल्ला हाती येईना, तेव्हा निदान माझे मस्तक तरी तोफेच्या तोंडी देऊन आत जाऊन पडेल असे करा, असे ते सरदारांना म्हणाले म्हणतात. गोष्ट स्फूर्तिदायक आहे, आणि मी तिची थट्टा करणार नाही. पण एवढे खरे की मस्तक आत फेकण्याच्या निश्चयाने किल्ला पडावयाचा असता तर तो दोन वर्षे आधीच पडला असता. निश्चय १७३७ सालीही कमी नव्हता.

१७३७ च्या वसंतात मराठ्यांनी ठाण्याचा कोट घेतला आणि साष्टीचा बराचसा भाग त्यांच्या हाती आला. ठाणे असे सहज पडल्यावर वसईही तशीच पडेल असे कोणासही वाटले असते. त्याच पावसाळ्यात शंकराजी केशव यांच्या हाताखालच्या फौजेने तटाला शिड्या लावून चढण्याचे प्रयत्न केले. ते फसले, आणि माणसे फुकट गेली. आपला किल्ला ज्यांनी चालून पाहिला आहे त्यांना कारण सांगावयास नको. तीन बाजूंना खाडी, समुद्र आणि दलदल. जमिनीची वाट काय ती उत्तरेकडून. चिखलातून शिडी वाहून न्यावयाची, ती उंच तटाला टेकवावयाची, आणि वरून बंदुकीचा मारा चालू असता तिच्यावर पाऊल ठेवावयाचे. पुढे निजामाच्या स्वारीमुळे चिमाजी आप्पांना तापीकडे जावे लागले. केळवे-माहीमलाही मराठ्यांनी त्या सुमारास सणसणीत मार खाल्ला. १७३८ साल हे असे ओढाताणीत गेले.

१७३८ च्या अखेरीस आप्पा मोठी फौज घेऊन पुन्हा कोकणात उतरले, तेव्हा मात्र कामाची रीतच पालटलेली दिसते. वसईला कोणी एकदम हात घालीना. जानेवारी १७३९ मध्ये आधी माहीम घेतले, मग तारापूर. तारापूरला सुरुंगांचा उपयोग झाला, आणि बाजी भिवराव रेठरेकर तेथेच पडले. दक्षिणेकडे वेसावे आणि खाडीच्या तोंडावरची धारावी घेऊन मदतीची वाट आवळली. वसईचा वेढा १७ फेब्रुवारीला बसला, तो शिड्या घेऊन नव्हे. मोर्चे खणीत, तोफा पुढे सरकवीत आणि जमिनीखालून सुरुंग नेत मराठे उत्तरेच्या बाजूने तटाकडे गेले. किल्ला मे महिन्यात शरण आला. (अचूक तारखेबद्दल पुस्तकांत घोळ दिसतो, त्याने गोंधळू नये. इंग्रज त्या वेळी जुने पंचांग वापरीत आणि पोर्तुगीज नवे. दोहोंत अकरा दिवसांचे अंतर होते.)

शेवटच्या हल्ल्यातली एक हकिकत मला नेहमी थांबवते. सान सेबास्तियन बुरुजापाशी सुरुंग उडवले. तटाला भगदाड पडले आणि मराठे त्यात घुसले. परंतु एक सुरुंग वेळेवर उडालाच नव्हता. तो मागाहून, आपलीच माणसे भगदाडात असताना उडाला, आणि शेकडो माणसे आपल्याच दारूने गेली. त्या दिवशीचा हल्ला परतवला गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ला झाला, तो बुरूज हाती आला आणि शरणागतीची बोलणी सुरू झाली. साऱ्या वेढ्यात मराठ्यांची पाच हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली, असा आकडा ग्रँट डफपासून दिला जातो. पोर्तुगीजांचे आठशे म्हणतात. आज या मांडवात दोन्ही बाजूंनी लढलेल्यांचे वंशज शेजारी शेजारी बसले आहेत. तेव्हा कोणाचा जय आणि कोणाचा पराजय हा हिशेब मी मांडीत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या दोन वर्षांत शिकले कोण?

माझ्या मते मराठे शिकले, आणि ते हरले म्हणून शिकले असे म्हणून भागत नाही. हरणारे पुष्कळ असतात. या हरण्याचा निकाल चटकन येत होता आणि तो असंदिग्ध होता. शिडी लावली, माणूस पडला; वायदा नाही, मध्ये दुसरे कारण नाही. सुरुंग उशिरा उडाला, तर ज्याने वात लावली त्यालाच ते त्याच जागी, त्याच घटकेस दिसले. शिवाय हे निकाल लिहिले जात होते. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातले कागद निवडून छापले, त्यांत या मोहिमेची पत्रे आहेत. आपली माणसे आपल्याच सुरुंगाने गेली हे मराठ्यांच्या बाजूने आलेल्या हकिकतीतही लपवलेले नाही. आमच्या युनियनच्या वार्षिक अहवालांत असे वाक्य मी अद्याप वाचलेले नाही.

उलट पोर्तुगीजांना १७३७ ने काय सांगितले असेल? एवढेच, की तट पुरतो. निकाल खरा होता, पण तो शिड्यांपुरता खरा होता. ज्याचा डाव जिंकतो त्याला तो का जिंकला हे कोणी विचारीत नाही, आणि तो स्वतःलाही विचारीत नाही. त्यांना द्रव्याची व माणसांची चणचण होती, गोव्याहून पुरेशी मदत येत नव्हती, हे सर्व खरे. पण यशाने माणसाला झोप लागते ही गोष्ट मला पुढे फार जवळून पाहावी लागली, म्हणून येथे ती नोंदवून ठेवतो.

मराठ्यांच्या शिकण्यालाही शेवट होता. बाजीराव एप्रिल १७४० मध्ये गेले आणि चिमाजी आप्पा त्याच वर्षाच्या डिसेंबरात. वेढा कसा घालावा हे ज्यांच्या हाडीमांसी खिळले होते ती माणसे एकेक करून गेली. १७८० साली जनरल गॉडर्डने इंग्रज फौज घेऊन याच किल्ल्याला वेढा घातला तेव्हा आत मराठे होते. त्यांनी महिनाभरात किल्ला दिला.

आता किल्ल्यावरून खाली बंदरावर येऊ, कारण शिकण्याची याहून चांगली शाळा तेथे आहे. डोल लावणारा आपला कोळी भरतीओहोटीच्या ओढीवर जाळे टाकतो. उधाण केव्हा, भांग केव्हा, कोणत्या तिथीला पाण्याला किती ओढ असेल, हे तो पंचांग न उघडता सांगतो. मी नायगावच्या एका वृद्ध तांडेलांना विचारले की हे कोणी शिकवले. ते म्हणाले, "जाळ्यानी." जाळे वर ओढले की अंदाज बरोबर की चूक हे उघड होते, आणि त्याला चोवीस तासही लागत नाहीत. पाणी नियमाने वागते, आणि उत्तर वेळेवर देते. आपल्या मिठागरातल्या आगऱ्याचे तसेच. वाफ्यातले पाणी केव्हा फिरवावे हे चुकले तर मीठच त्याला सांगते.

पण त्याच तांडेलांना मी दुसरा प्रश्न केला, की पापलेट कमी का झाले? तेव्हा तेथे जमलेल्या पाच जणांनी पाच कारणे दिली आणि प्रत्येकाने आपलेच कारण छातीठोकपणे सांगितले. ट्रॉलर, कारखान्यांचे पाणी, बारीक आसाची जाळी, समुद्र तापणे, आणि एकाने तर नशीब. कदाचित चार कारणे खरी असतील. परंतु या प्रश्नाचे उत्तर वीस वर्षांनी येते, अनेक कारणांत मिसळून येते, आणि ज्याने अंदाज केला त्याच्या जाळ्यात ते कधीच वेगळे होऊन पडत नाही. डोळे तेच, माणूस तोच, पन्नास वर्षांचा अनुभवही तोच. एका प्रश्नावर तो निष्णात, दुसऱ्यावर तुमच्या-माझ्यासारखा.

हेच अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी शास्त्रीय रीतीने मांडले आहे. गॅरी क्लाइन यांनी आग विझवणाऱ्या दलाच्या नायकांचा अभ्यास केला होता आणि अनुभवी माणसाच्या तत्काळ निर्णयावर त्यांचा विश्वास होता. डॅनिएल काहनेमान यांचा अशा विश्वासावर विश्वास नव्हता. दोघे अनेक वर्षे वाद घालीत बसले आणि २००९ साली त्यांनी मिळून एक निबंध लिहिला. त्यात ते आश्चर्यकारकरीत्या एका मतावर आले. जेथे परिस्थितीत नियमितपणा आहे, आणि जेथे माणसाला दीर्घकाळ सराव व निकालाचे स्पष्ट उत्तर मिळते, तेथे अनुभवी माणसाच्या अंदाजावर भरवसा ठेवावा. एरवी ठेवू नये. आणि माणसाला स्वतःला किती खात्री वाटते यावरून काहीच ठरवू नये. हे शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. कारण खात्री हाच आम्हा पुढाऱ्यांचा धंदा आहे.

आता गिरणगावात येतो. वसईच्या सभेत मुंबईच्या गिरण्या कशाला, असे कोणी म्हणणार नाही. विरार, नालासोपारा, नायगाव येथील कित्येक चाळींत गिरण्यांतून बाहेर पडलेली घरे आहेत. माझे घर त्यांपैकीच एक.

१९२८ साली गिरणी मालकांनी काम वाढवून माणसे कमी करण्याची योजना आणली. एकाने अधिक साचे, अधिक बाजू सांभाळावयाच्या. २६ एप्रिलपासून सार्वत्रिक संप झाला. सुमारे दीड लाख कामगार ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बाहेर राहिले. संयुक्त संप समितीत एका बाजूस मवाळ वळणाचे नारायण मल्हार जोशी आणि दुसऱ्या बाजूस श्रीपाद अमृत डांगे व त्यांचे लाल बावट्याचे सहकारी होते. दोघांचे पटत नव्हते, आणि मला वाटते तोच त्या समितीचा गुण होता. एकाने 'जिंकलोच' म्हटले की दुसरा 'कशावरून?' असे विचारणारा बाजूलाच बसलेला असे. संप मिटला तो जुने दर चालू ठेवून आणि न्यायमूर्ती फॉसेट यांच्या चौकशी समितीकडे वाद सोपवून. या संपाच्या पोटी गिरणी कामगार युनियन जन्मास आली. तिचे सभासद प्रथम तीन-साडेतीनशे होते, ते वर्षअखेर पन्नास हजारांच्या वर गेले. गिरणीगिरणीत समित्या बसल्या.

एवढ्या यशाने काय शिकवले? सहा महिने उपाशी राहूनही एकी टिकते, हे शिकवले, आणि ते खरे होते. पण का टिकली हे कोणी ओळीने मांडून पाहिले नाही. त्या वेळी सर्व खात्यांवर एकदम घाव पडला होता, दोन्ही युनियन एका समितीत होत्या, आणि बोलणी करावयास अनुभवी माणसे हजर होती. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी डांगे व त्यांचे साथी पकडले गेले. एप्रिलमध्ये, कामावरून काढलेल्या माणसांच्या प्रश्नावर, युनियनने पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला. या वेळी जोशी बरोबर नव्हते. ज्यांनी आधीच्या वर्षी चुकतमाकत अंदाज बांधण्याची कला कमावली होती ते तुरुंगात होते. संप काही महिन्यांत मोडला आणि पन्नास हजारांची युनियन बघता बघता ओस पडली.

आणि आणखी एक आवाज होता, तो मी मुद्दाम वेगळा सांगतो. साचेखात्यात अस्पृश्य कामगारांस घेत नसत. नळी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्यावरून विटाळाचा बाऊ केला जाई. साचेखात्यात पगार बरा होता. हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या काळात पुढाऱ्यांपुढे ठेवला. एकीच्या घोषणा देणाऱ्यांनी तो नेटाने हाती घेतला नाही, आणि १९२९ च्या संपाला आंबेडकरांचा विरोध राहिला. म्हणजे एकी कोठे पोकळ आहे याचे स्पष्ट उत्तर पुढाऱ्यांच्या दारापर्यंत आले होते. ते मांडणारा त्यांना आपल्यातला वाटत नव्हता, म्हणून दार उघडले नाही. नऊ वर्षे गेली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, तेव्हा आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा एकत्र उभे राहिले. नऊ वर्षांनी का होईना, काही शिकणे झाले असे मी समजतो. पण त्या नऊ वर्षांची किंमत साचेखात्याच्या दाराबाहेर ज्यांना उभे केले त्यांनी भरली होती.

१९८२ चे मला वाचून सांगावयाचे नाही. १८ जानेवारीस संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि वडील साचेखात्यात होते. त्यांचा हिशेब साधा होता. १९७४ साली डांग्यांचा संप बेचाळीस दिवस चालला होता. जानेवारीच्या मध्याला बेचाळीस दिवस मिळवले की मार्च लागतो. "शिमग्यापर्यंत मिटेल," वडील म्हणाले. शिमगा गेला. मग म्हणाले, "गणपतीला नक्की." गणपती गेले, दिवाळी गेली. आई तोपर्यंत काही बोलत नव्हती. दिवाळीनंतर तिने सणांची नावे घेणेच बंद केले.

डॉ. दत्ता सामंतांचा अंदाज वडिलांच्या अंदाजाहून फार वेगळा नव्हता, असे मला आता वाटते, आणि त्यांच्या निष्ठेविषयी मनात काडीचाही किंतु न ठेवता ते म्हणतो. सामंतांनी इंजिनिअरिंग कारखान्यांत मोठमोठ्या पगारवाढी मिळवल्या होत्या. तेथे कारखाना बंद ठेवणे मालकाला परवडत नसे. दार बंद राहिले की प्रत्येक दिवशी नफा बुडे, आणि तो शेवटी बोलावयास येई. हा अनुभव खराच होता. गिरण्यांत मात्र यंत्रे जुनी, कापडाचा साठा पडून, भिवंडीच्या यंत्रमागांवर काम वळवण्याची सोय, आणि गिरणीखालच्या जमिनीचा भाव चढता. कित्येक मालकांना बंद दार हाच फायदा होता. त्यातून १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे मान्यता होती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. ज्याच्यामागे कामगार होते त्याच्याशी बोलावयास कायद्याने कोणी बांधलेले नव्हते. कोळ्याने उधाणाची विद्या तळ्यावर वापरावी तसे झाले. सुमारे अडीच लाख माणसे त्यात होती. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. म्हणजे निकालही कधी जाहीर झाला नाही.

दीड वर्षात उत्तरे येत नव्हती असे नाही. पण पुढाऱ्याला रोज जे उत्तर मिळत होते ते सभेतल्या टाळ्यांचे होते. मैदान भरलेले असे. मैदान भरले म्हणजे माणसे बरोबर आहेत एवढे कळते. मालकाच्या गोदामात किती कापड उरले आहे ते त्यातून कळत नाही. जे गावी निघून गेले, जे गुपचूप कामावर रुजू झाले, ते सभेत येऊन तसे सांगत नसत. वडीलही प्रत्येक सभेहून आनंदाने परत येत.

आता माझे स्वतःचे सांगतो, आणि हे सांगण्यासाठीच वरचा सारा इतिहास गोळा केला असे म्हटले तरी चालेल. आमचे बिऱ्हाड लालबागहून नालासोपाऱ्यास आले, मी वसई पूर्वेच्या कारखान्यांत कामाला लागलो, आणि सत्ताविसाव्या वर्षी युनियनचे काम पूर्ण वेळ करू लागलो. पहिले तीन संप मी जिंकले. तिन्ही दिवाळीच्या तोंडावर झाले होते. मालकांच्या हातात मोसमाची मागणी होती, माल वेळेवर गेला नाही तर गिऱ्हाईक तुटणार होते, म्हणून ते दहा-बारा दिवसांत वाकले. मी समजलो, माझ्या भाषणाने वाकले.

चौथा संप पत्र्याचा माल दाबून काढणाऱ्या एका कारखान्यात, पावसाळ्याच्या तोंडाशी झाला. चौसष्ट माणसे होती. फाटकावर मी सांगितले, "पंधरा दिवसांत बोलणीला येतील." मला तिळमात्र शंका नव्हती. चौथ्या दिवशी पॅकिंगमधल्या एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दादा, डाया कपाटात नव्हत्या. संपाच्या आधीच्या आठवड्यात मी झाडताना बघितलं, सगळी कपाटं रिकामी होती." प्रेसच्या डाया म्हणजे त्या कारखान्याचा जीव. त्या गेल्या याचा अर्थ प्रेस दुसरीकडे चालू होणार. मी म्हणालो, "मावशी, दुरुस्तीला गेल्या असतील. तुम्ही काळजी करू नका, मला याचा अनुभव आहे." बाविसाव्या रात्री यंत्रे ट्रकवर चढली. त्या काळी सिल्वासा-दमणकडे कर सवलती होत्या आणि आपल्याकडे जागेचे भाव वाढत होते. मालकाला निघून जावयाचेच होते, आमच्या संपाने त्याला कारण दिले. कामगार न्यायालयात दावा लावला. त्याचा निकाल लागेपर्यंत चौसष्टांतले सात जण हयात राहिले नव्हते.

त्या बाई खात्यात सर्वांत कमी पगाराच्या होत्या, आणि त्या एकट्यांनीच कपाटे उघडून पाहिली होती. मी १९२९ चा इतिहास पुढे वाचला तेव्हा साचेखात्याच्या हकिकतीपाशी पुस्तक मिटून ठेवले, ते याच कारणाने.

त्यानंतर मी एक वही घातली. कल्पना माझी नव्हे. अमेरिकेत ग्लेन ब्रायर नावाच्या हवामान खात्यातील माणसाने १९५० साली एक साधी रीत सुचवली. पाऊस येईल की नाही एवढेच न म्हणता, दहांत किती शक्यता ते आकड्यात लिहावयाचे, आणि मागाहून प्रत्यक्षाशी ताडून गुण द्यावयाचे. ज्या हवामानकारांना असा जाब रोज द्यावा लागतो त्यांचे आकडे पुष्कळच खरे उतरू लागतात. मी वहीच्या डाव्या पानावर माझा अंदाज लिहितो, तारीख घालतो, आणि दहांत किती खात्री तेही लिहितो. उजवे पान कोरे ठेवतो. निकाल लागला की ते भरतो.

पंचविसेक वर्षांची ही वही फारशी भूषणावह नाही. फाटकसभेला किती माणसे येतील हे मला जवळजवळ बिनचूक सांगता येते. सभा आठवड्याला असतात आणि माणसे लगेच मोजता येतात. बोलणी करताना समोरचा कोणत्या कलमावर सोडील, हेही बरे जमते. परंतु संप किती दिवस चालेल, आणि न्यायालयातले प्रकरण किती वर्षे, यांत मी आजही जवळपास प्रत्येक वेळी कमी सांगतो. वडिलांसारखाच पुढचा सण धरून चालतो. आता मी एवढेच करतो की स्वतःचा आकडा लिहिला की तो दुप्पट करतो, आणि फाटकावर तो दुप्पट केलेला आकडा सांगतो. टाळ्या कमी पडतात. कार्यकर्ते नाराज होतात. म्हणतात, तुम्हीच असे बोललात तर लोक उभे कसे राहतील? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. १९२८ साली कोणी सहा महिने लागतील असे आधी सांगितले असते तर किती जण बाहेर पडले असते, हे मला ठाऊक नाही. पण किती दिवस उपाशी राहावे लागेल हे ज्याचे पोट आहे त्याला आधी सांगितले पाहिजे, यावरून मी हटत नाही. या मुद्द्यावर आमच्या कार्यालयात दोनदा भांडण झाले आहे आणि पुन्हा होईल.

दुसरी एक सवय लागली. कोणत्याही कारखान्यात बोलणीला जाण्याआधी मी झाडणाऱ्या, पॅकिंग करणाऱ्या आणि रात्रपाळीच्या वॉचमनशी बोलतो. सध्या हे बहुतेक ठेकेदाराचे कामगार असतात, युनियनचे सभासदही नसतात, आणि सभासदांना त्यांच्याशी बोललेले आवडत नाही.

वहीच्या अगदी पहिल्या पानावरची नोंद मी वही घातल्यावर मागाहून केली आहे. डाव्या बाजूला लिहिले आहे : पंधरा दिवस, खात्री दहांत दहा. उजव्या बाजूला त्या बाईंचे वाक्य आहे, कपाटे रिकामी होती ते. खाली तारीख घातली आहे ती त्यांनी मला ते सांगितले त्या दिवसाची.